जनगणनेचा तक्ता आणि घराण्याची वही

पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्या या पानांवर आज आम्ही एका सरकारी तक्त्याचे परीक्षण करीत आहोत, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु देशातील प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन पोहोचणारे लेखन याहून दुसरे कोणते आहे? २०११ च्या जनगणनेत कुटुंबाच्या तक्त्यात एकोणतीस प्रश्न होते. पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. आमचा प्रश्न एवढाच की, शंभर वर्षांनी एखादा पणतू आपले घराणे शोधू लागला, तर या तक्त्यातून त्याच्या हाती काय लागेल?

हा प्रश्न जालना जिल्ह्यात सुचावा यात आश्चर्य नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण झाले आणि पाठोपाठ मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णयही निघाला. त्या वादात पडणे आमचे काम नव्हे. तथापि त्या शोधाने एक गोष्ट लख्ख दाखविली. गॅझेटियरात जातवार आकडे सापडतात, माणसांची नावे सापडत नाहीत. आपला खापरपणजोबा त्या आकड्यात होता हे दाखवायचे, तर खासरापत्रक, पाहणीपत्रक, शाळेचे प्रवेशरजिस्टर असे कागद धुंडाळावे लागतात. ग्राह्य धरलेल्या कागदांच्या यादीत ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, सन १९५१’ हेही आहे. हे रजिस्टर १९५१ च्या गणनेतील चिठ्ठ्यांवरून तयार केले गेले होते. म्हणजे एकदा का होईना, शिरगणतीतून नावे बाहेर पडली आणि सत्तर वर्षांनी ती लोकांच्या उपयोगी आली.

एरवी तसे घडत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार भरलेले तक्ते कोणासही पाहावयास मिळत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. अमुक वर्षांनी ते खुले व्हावेत, अशी मुदतही कायद्याने घातलेली नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी तक्ते उघडतात, अमेरिकेत बहात्तर वर्षांनी. तिथला १९५० चा तक्ता २०२२ मध्ये खुला झाला. गुप्ततेला आमचा आक्षेप नाही. कानांवर आलेले मनातच ठेवायचे, हा तर आमच्या व्यवसायाचाच नियम. पण जिवंत माणसाची लाज राखणे वेगळे आणि मेलेल्या माणसाचे नाव त्याच्या पणतूपासून कायमचे लपविणे वेगळे.

आणि समजा, तक्ते उघडले, तरी त्यांत काय असेल? नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, वैवाहिक स्थिती, मातृभाषा, जन्मस्थळ, स्थलांतराचे कारण. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या नावात नवऱ्याचे नाव येते. तिच्या बापाचे नाव तक्ता विचारीत नाही. नात्याच्या रकान्यात ती ‘पत्नी’ किंवा ‘सून’, स्थलांतराच्या रकान्यात कारण ‘विवाह’. घराण्याची अर्धी शाखा येथेच तुटते.

याहून कठोर प्रश्न पुढे आहे. विवाहित स्त्रीला विचारले जाते, आज हयात मुले किती आणि आजवर जिवंत जन्मलेली किती. लोकसंख्याशास्त्राला या दोन आकड्यांची गरज आहे, हे आम्हांस मान्य आहे. बालमृत्यूचे गणित त्यावरच होते. पण एखादी आई ‘हयात चार, जन्मली सहा’ असे सांगते, तेव्हा गेलेली दोन लेकरे त्या तक्त्यात केवळ वजाबाकी म्हणून उरतात.

धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ एवढेच. इंग्रजांच्या काळच्या गणनांत पंथही नोंदला जाई. आता जालन्याजवळ बेथेल वसविणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतील घर आणि आमच्या धर्मग्रामातील कॅथलिक घर एकाच आकड्यात विरघळतात. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती म्हटले की अनुसूचित जातीचा रकाना रिकामा राहतो. आमच्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज महार-मांग वाड्यांतून आले. तो प्रवास पणतवंडांना या कागदावरून कळणार नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील नावनोंदणीत प्रत्येकाला आपापल्या पूर्वजांच्या गावी जावे लागले. आपली गणना माणूस जिथे सापडेल तिथे त्याला मोजते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. घनसावंगी, मंठा, परतूरकडची कितीतरी घरे तेव्हा कुलूपबंद असतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर कोप्यांत असतात. त्यांची गणती तिथेच व्हायची. मुकादमाच्या वहीत तर नवराबायको मिळून ‘एक कोयता’. पणतू गावचे तक्ते चाळील, तेव्हा त्याला घर दिसेल, त्याची माणसे दिसणार नाहीत. २०२७ ची तारीखही हंगामातच पडते.

आता आमच्या घरची झाडाझडती घेऊ. दुसऱ्याचा दोष दाखविणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे. ट्रेंट धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची नोंदवही बंधनकारक केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मग्रामातील घरोघरच्या माणसांची ‘आत्म्यांची स्थिती’ नावाची वहीही ठेवावयास सांगितले. ती एक जनगणनाच, पण नावांनिशी. आयर्लंडमध्ये १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गणनांचे बहुतेक तक्ते जळाले. तेव्हापासून तिथले लोक पूर्वज शोधण्यासाठी चर्चच्या वह्यांकडे वळतात. आमच्या स्नानसंस्काराच्या वहीत आईबाप असतात, धर्ममातापिता असतात, समासात पुढे दृढीकरण आणि विवाह यांची टीप येते. अल्पायुषी लेकरूही तिथे नाव घेऊन असते.

हा अभिमान गेल्या वर्षी उतरला. संभाजीनगरला नोकरी करणारा एक तरुण पणजीचे नाव शोधीत आला. जुनी वही काढली. एका पानावर चार माता, चौघींचे नाव ‘मारिया’. घरचे नाव नाही, माहेर नाही, गाव नाही. लिहिणाऱ्या पूर्वसूरींचे अक्षर सुरेख होते, लॅटिनही निर्दोष होते. बायकांना हाक कोणत्या नावाने मारीत, हे विचारायचे तेवढे राहून गेले. तो तरुण म्हणाला, “फादर, पणजी सापडली, पण चौघींतली कोणती?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

म्हणून यंदा पावसाळ्यात, माणसे तोडीला जाण्यापूर्वी, आम्ही आमचा एक कागद घेऊन घरोघर हिंडलो. आयर्लंडच्या २०२२ च्या गणनेत कुटुंबांना शंभर वर्षांनी उघडायचा मजकूर लिहिण्यासाठी कोरी जागा दिली होती, कल्पना तिथली. आमच्या कागदावर चारच गोष्टी : बायकोच्या आईबापांची नावे व गाव, घरात हाक मारायचे नाव, गेलेल्या लेकरांची नावे, आणि जन्म गावात की फडावर. एक प्रत वहीत, एक घरच्या पेटीत. सरकारी प्रगणकाला जे सांगाल तेही एका कागदावर उतरवून ठेवा, असे आम्ही सर्वांना सांगितले.

मंठ्याकडील एका घरी आजीबाईंनी बोटांवर मोजत सहा नावे सांगितली आणि सातव्या बोटाशी थांबल्या. ती मुलगी फडावर झाली, पाचव्या दिवशी गेली. बारसे झाले नव्हते, स्नानसंस्कारही झाला नव्हता. तेव्हा आमच्या वहीतही ती नाही. काय लिहू म्हणून आम्ही विचारले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कारखान्याचं नाव लिवा बाबा. तेवढं मला याद आहे.”