विद्यार्थ्यांचे प्रबंध व आधारनिर्देश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं मराठ्यांच्या इतिहासावर लिहिलेले कांहीं प्रबंध नुकतेच आमच्याकडे अभिप्रायार्थ आले. त्यांतील परिश्रम वाखाणण्याजोगे आहेत. गडांवरील पाण्याच्या टांक्यांविषयींचा प्रबंध तर लेखकानें स्वतः हिंडून सिद्ध केलेला दिसतो. परंतु आधार देण्याच्या कामीं जी ढिलाई या प्रबंधांत आढळते, तिजविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे.

शिवजन्मतिथीचा विचार करतांना एक लेखक जेधे शकावलीचा हवाला देऊन शके १५५१ फाल्गुन शुद्ध तृतीया ही तिथि लिहितो, व तिच्यापुढें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख देतो. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या त्या शकावलींत तिथि वद्य तृतीया अशी आहे, व तारीखही तिच्याशींच जुळते. शुद्ध तृतीया पंधरा दिवस आधींची. यावरून लेखकानें शकावली उघडून पाहिली नसून कोणा अलीकडील ग्रंथांतील टीप तिच्यांतील मुद्रणदोषासह उचलली, असें अनुमान निघतें. दुसऱ्याच्या ग्रंथांतून उतारा घेणें हा अपराध नव्हे. 'अमुक ग्रंथांत, अमुक पृष्ठावर उद्धृत' असें लिहिलें म्हणजे दोष कोठें शिरला हें वाचकास शोधतां येतें. न पाहिलेलें साधन पाहिलें असें भासविणें ही मात्र खोटी साक्ष होय.

दुसरे एक लेखक शके १५४९ चा पक्ष घेऊन उत्तरकालीन बखरींची रांगच उभी करतात. पण पुढचा बखरकार मागच्याचें पाहून लिहीत असेल, तर पांच बखरी मिळूनही साक्षीदार एकच राहतो. उलट समकालीन परमानंदाचें शिवभारत शके १५५१ च सांगतें, त्याचा या लेखकानें नामनिर्देशही केलेला नाहीं!

पत्रांच्या बाबतींत प्रकार याहून घातक आहे. राजवाड्यांच्या 'साधनां'चे खंड बावीस. त्यांचा आधार 'राजवाडे' एवढ्याच शब्दानें दिला, खंड व लेखांक गाळला, तर पडताळा पाहणाऱ्यानें करावें काय? शिवाय कित्येक पत्रांत मूळ चंद्र व महिना तेवढा असतो. सन संपादक तर्कानें बसवितो व कंसांत घालतो. टिपण घेतांना तो कंस गळला कीं संपादकाचा तर्क पत्राचा पुरावा होऊन बसतो. एका प्रबंधांतील सारा कार्यकारणभाव अशा दोनच सनांवर उभा आहे. त्यांतील एक सन वर्षभर मागें सरला, तर कार्य आधीं व कारण नंतर असा प्रसंग येईल.

या दोषांचें मूळ टिपणवहींत आहे. उतारा घेतांच त्याखालीं ग्रंथ, आवृत्ति, पृष्ठ व लेखांक लिहावा. मूळ शब्द अवतरणचिन्हांत घालून स्वतःचें मत निराळ्या शाईनें लिहावें. 'मागाहून भरूं' म्हणून सोडलेली जागा बहुधा कोरीच राहते. हल्लीं जुने ग्रंथ संगणकावर वाचावयास मिळतात ही मोठीच सोय झाली. पण पडद्यावरील पानाचा आकडा व मुद्रित पृष्ठांक पुष्कळदां भिन्न असतात. आधारांत मुद्रित पृष्ठांकच द्यावा.

प्रबंध खुणा करून परत पाठवीत आहों. टांक्यांवरील प्रबंधांत मोजमापें कोणत्या दिवशीं व कोणत्या साधनानें घेतलीं याची भर पडली, तर तो पुढील अंकीं आनंदानें छापूं.