खेळाडूंची चरित्रे आणि बडोद्याचा पुरावा

मराठीत क्रिकेटपटूंची जी व्यक्तिचित्रे प्रसिद्ध होतात, त्यांचा साचा आता इतका ठरून गेला आहे की पहिले वाक्य वाचताच शेवटचे सांगता यावे. जन्मगाव, बालपणीचे मैदान, पहिला कसोटी सामना, मग आकड्यांची रास आणि अखेरीस एक विशेषण. आकडे चांगले असले तर 'थोर' आणि बेताचे असले तर 'झुंजार'. हा साचा क्रिकेटबरोबर विलायतेहून आला, असे कोणी समजू नये. तो आमच्या घरचाच आहे. महिपतीबोवांच्या संतचरित्रांतही प्रत्येक संताच्या वाट्याला एखाददुसरा ठळक चमत्कार येतो आणि त्याच खुणेने तो संत श्रोत्यांच्या मनात राहतो. परंतु महिपतींचा हेतू श्रोत्यांच्या ठायी भक्ती उपजविण्याचा होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. आमचा क्रीडालेखक 'भक्तिविजया'च्याच वाटेने जातो आणि त्याला इतिहास म्हणतो. आमची तक्रार एवढीच आहे.

ही तक्रार आम्ही छाणीत बसून करीत आहो, यालाही थोडा अर्थ आहे. एके काळी स्वतंत्र असलेले हे जिनालयांचे गाव आज बडोदे शहरात सामावले आहे. आणि बडोद्याने जे क्रिकेटपटू दिले वा पोसले, त्यांच्या चरित्रांत या साच्याचे दोष जितके उघडे पडतात तितके ते मुंबईकर खेळाडूंच्या चरित्रांत पडत नाहीत.

दत्ताजीराव गायकवाड १३ फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांच्यावर जे मृत्युलेख आले, त्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य त्यांच्या वयाविषयी होते : हयात असलेल्या भारतीय कसोटीपटूंत ते सर्वांत वयोवृद्ध. दीर्घायुष्य ही ईश्वराची कृपा खरी, पण ती फलंदाजी नव्हे. दुसरे वाक्य १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याचे. त्या दौऱ्यातील पाचही कसोट्या भारताने गमावल्या आणि त्यांपैकी चार सामन्यांत दत्ताजीराव कर्णधार होते. तिसऱ्या वाक्यात हिशेब : ११ कसोट्या, ३५० धावा, सरासरी १८.४२. चौथ्या वाक्याला श्रद्धांजली. एवढ्यावर निकाल लागला.

वकिलीत वावरणाऱ्या माणसाला असा निकाल पाहून अस्वस्थ वाटते, कारण यात पुराव्याचा एकच कागद वाचला गेला आहे. दुसरा कागद असा : रणजी करंडक स्पर्धेत बडोद्याकडून दत्ताजीरावांनी ३१३९ धावा केल्या, सरासरी ४७.५६, शतके १४. १९५७-५८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाला हरवून करंडक जिंकला आणि त्या अंतिम सामन्यात कर्णधाराचे शतक होते. १९५९-६० मध्ये, म्हणजे इंग्लंडमधील पराभवानंतरच्याच हंगामात, त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या. पराभूत कर्णधार म्हणून परतलेला मनुष्य घरी येऊन अशी खेळी करतो, हे चरित्रकाराला सांगावेसे वाटत नसेल तर त्याने चरित्र लिहिण्याच्या भानगडीत पडू नये.

या दोन कागदांत विरोध आहे, हे आम्हांस मान्य आहे. कसोटीत १८ आणि रणजीत ४७ हे अंतर मोठे आहे आणि त्याचा अर्थ दत्ताजीरावांना अनुकूलच लागेल असे नाही. अतिवेगवान गोलंदाजीपुढे त्यांचे तंत्र तोकडे पडले, असेही म्हणता येईल. १९५२ साली लीड्सला त्यांचे पदार्पण झाले, तेव्हा दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना भारताचे चार गडी बाद झाले. त्या चौघांत ते एक होते. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर हेही सांगावयास हवे की १९५९ चे कर्णधारपद त्यांच्याकडे आले ते कसल्या अवस्थेत. त्याच्या आधीच्या हंगामात वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोट्यांत भारताने चार कर्णधार बदलले होते. फुटक्या घागरीने पाणी आणावयास पाठविले आणि पाणी गळले म्हणून आणणाऱ्याला दोष दिला, असा हा प्रकार आहे. समीक्षकाने दोन्ही बाजू मांडून मग खुशाल प्रतिकूल मत द्यावे. आम्ही ते ऐकू.

एका वर्षाने माणसाला बुडवावे, तसेच एका वर्षाने त्याला तारावे, हीही त्याच साच्याची करामत. आमच्या कोंकणी वाचकांना मडगांवचे दिलीप सरदेसाई जवळचे. त्यांच्या चरित्रात १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आणि त्यातील ६४२ धावा असतातच, आणि त्या असाव्यातच. पण १९६५ साली मुंबईस न्यूझीलंडविरुद्ध भारत ८८ धावांत गुंडाळला जाऊन त्याच्यावर फॉलोऑनची पाळी आली असता त्यांनी काढलेल्या नाबाद २०० धावा बहुधा एका ओळीत उरकल्या जातात.

दत्ताजीरावांचे पुत्र अंशुमान त्याच वर्षी, ३१ जुलै २०२४ रोजी, निवर्तले. त्यांच्या मृत्युलेखांत उलट प्रकार झाला. येथे आकडे मागे सारून चमत्कार पुढे आला : १९७६ चे किंग्स्टन, मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर, ८१ धावांवर जखमी होऊन मैदानाबाहेर. प्रसंग खरा आहे आणि भयंकर आहे. त्या सामन्यात भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला, कारण पाच जण खेळावयास येऊच शकले नाहीत. पण चरित्रकार त्या रक्तातच रमतो आणि ८१ धावा कशा झाल्या, ते विचारीत नाही. अंशुमानांची फलंदाजी ही थांबण्याची फलंदाजी होती. १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ते ६७१ मिनिटे खेळले आणि २०१ धावा केल्या. ती खेळी कंटाळवाणी होती, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडणार नाही. मात्र किंग्स्टनचे धैर्य आणि जालंधरचा कंटाळा या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत; पहिलीची आरती करावयाची आणि दुसरी झाकून ठेवावयाची, यात न खेळाडूचा मान आहे न वाचकाचा. हा मनुष्य छाणीला लागून असलेल्या फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात नोकरीस होता, याचाही उल्लेख क्वचितच होतो. कसोटीपटूची चूल कशावर पेटत असे, हा प्रश्न आमच्या चरित्रकारांना गौण वाटतो.

विजय हजारे यांच्याविषयी हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण सांगलीचा हा मनुष्य बडोद्याचा झाला तो महाराजांच्या चाकरीमुळे. त्यांची चरित्रे तुलनेने बरी आहेत. ॲडलेडची १९४८ ची दोन शतके आणि १९५२ साली मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने मिळविलेला पहिला कसोटी विजय यांवर लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिले आहे. पण १९४३ च्या पंचरंगी सामन्यांशी आले की सर्वांची लेखणी अडखळते. ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या, बंधू विवेक यांच्यासमवेत ३०० धावांची भागीदारी आणि तीत विवेकच्या अवघ्या २१, हे सारे चवीने सांगितले जाते. प्रतिपक्ष कोण, ते मात्र हळूच गाळले जाते. प्रतिपक्ष हिंदू संघ होता. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'इतर' नावाच्या संघातून खेळत होते. हिंदू संघाने ५८१ धावांवर डाव सोडला होता आणि अखेर एक डाव ६१ धावांनी विजयही मिळविला. आमच्या वाचकांपैकी काहींच्या आजोबांनी त्या विजयाचे पेढे वाटले असतील. ज्या स्पर्धेत धर्मावरून संघ पाडले जात, तिच्यातील सर्वांत मोठा पराक्रम हरलेल्या बाजूच्या माणसाने आपल्यासमोर केला, हे सांगितल्याने कोणाचा अपमान होतो? उलट ते न सांगितल्याने त्या ३०९ धावांचे अर्धे वजन नाहीसे होते.

तीनच वर्षांनी, १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, बडोद्याने होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८. त्यांच्या प्रत्येक चरित्रात हा आकडा आहे आणि २००६ साली संगक्कारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करून तो मागे टाकला, हेही आहे. परंतु त्या भागीदारीतील मोठा वाटा दुसऱ्याचा होता. ३१९ धावा करणारा गुल महंमद हा लाहोरचा डावखुरा फलंदाज. तो भारताकडून आठ कसोट्या खेळला, आणि १९५६ साली कराचीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी पाकिस्तानकडून. बडोद्याच्या मैदानावर मराठी प्रेक्षकांनी त्याला खेळताना पाहिले होते. त्याचे मराठीत लिहिलेले व्यक्तिचित्र आमच्या पाहण्यात आलेले नाही.