'३० टक्के' म्हणजे नेमकं काय? ग्वाश यांचं पुस्तक वाचताना

सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एखादा ठसठशीत आकडा टाकायची हौस आपल्या सगळ्यांनाच असते. माझा आकडा होता ३० टक्के. वाक्य असं होतं : "लॅटिन अमेरिकेतल्या एक हजाराहून अधिक पायाभूत सेवांच्या करारांपैकी ३० टक्के करारांच्या अटी पुढे बदलाव्या लागल्या (ग्वाश, २००४)." गाईडनी 'बदलाव्या लागल्या' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "ठरल्याप्रमाणे बदलल्या, की ठरलेलं मोडून बदलल्या?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं कारण सांगते, मी पुस्तक वाचलंच नव्हतं. पुस्तकाचा हवाला देणारे चार पेपर वाचले होते आणि चारही पेपरांत हाच आकडा होता. तुमच्यापैकी कोणी आत्ता हेच करत असेल तर लाजू नका, पण आरआरसीसमोर उभं राहायच्या आधी पुस्तक उघडा. मी उघडलं तेव्हा गाईडांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं, आणि एक नवी शंकाही आली. आजची पोस्ट त्या शंकेबद्दल आहे.

आधी पुस्तकाची ओळख. जे. लुईस ग्वाश यांचं 'ग्रँटिंग अँड रीनिगोशिएटिंग इन्फ्रास्ट्रक्चर कन्सेशन्स' हे पुस्तक जागतिक बँकेच्या संस्थेनं २००४ मध्ये काढलं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००० पर्यंत लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी पाणी, रस्ते, बंदरं, वीज, टेलिफोन अशा सेवा खासगी कंपन्यांना वीस-तीस वर्षांच्या करारानं चालवायला दिल्या. ग्वाश यांनी त्यातले हजारावर करार गोळा केले आणि विचारलं की यातले किती करार सही झाल्यावर पुन्हा वाटाघाटीला आले? सगळे मिळून ३० टक्के. पण पाण्याचे करार वेगळे काढले तर जवळजवळ तीन-चतुर्थांश, आणि वाहतुकीचे अर्ध्याहून जास्त. तेही सरासरी सव्वादोन वर्षांच्या आत! म्हणजे तीस वर्षांचा संसार मांडायचा आणि तिसऱ्या दिवाळीच्या आत अटींवरून भांडण.

इथेच पहिला धडा मिळतो. ३० हा आकडा सरासरीचा आहे, आणि तो खाली ओढलाय तो टेलिफोनच्या करारांनी. त्या क्षेत्रात फेरवाटाघाटी फारच कमी झाल्या. तुमचा विषय पाणीपुरवठा असेल तर ३० टक्के हा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. पेपरांमध्ये मात्र तोच फिरतो, कारण तो गोल आहे आणि लक्षात राहतो.

आता गाईडांचा प्रश्न. सेवाकरारात दर बदलायचे तीन रस्ते असतात. पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा आमच्या हॉस्टेलच्या मेसचं उदाहरण देते. समजा करारात लिहिलंय की दर वर्षी जूनमध्ये ताटामागे अमुक रुपये वाढतील. तर ती आपोआप वाढ झाली, कोणी कोणाला विचारायचं नाही. समजा लिहिलंय की दर सहा महिन्यांनी मेस कमिटी बसून तेल-डाळीचे भाव बघेल आणि दर ठरवेल. हा झाला आढावा. आकडा आधी ठरलेला नसतो, पण आकडा कोण, कधी आणि कशावरून ठरवणार हे ठरलेलं असतं. आणि समजा कंत्राटदार ऑक्टोबरमध्येच येऊन म्हणाला की परवडत नाही, दर वाढवा नाहीतर सोमवारपासून मेस बंद, तर ती फेरवाटाघाट.

(आमच्या कंत्राटदारानं यातलं काहीच केलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा येणारं पनीर एकदा यायला लागलं आणि वरण पातळ झालं. दर तोच, ताट बदललेलं. कमिटीच्या इतिवृत्तात याची एका ओळीचीही नोंद नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

ग्वाश यांनी हा फरक टाळलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. व्याख्या पुस्तकात स्पष्ट आहे. दर, गुंतवणुकीचं वेळापत्रक, किती घरांपर्यंत सेवा न्यायची, दर्जा, मुदत, हमी यांपैकी कशातही लक्षणीय बदल झाला आणि तो करारात आधी सांगितलेल्या परिस्थितीमुळे आपसूक झालेला नसेल, तरच त्याला ते फेरवाटाघाट म्हणतात. ठरलेल्या वेळी होणारी दरवाढ आणि ठरलेला दर-आढावा त्यांनी मोजलेला नाही. म्हणजे माझं वाक्य चुकीचंच होतं. ३० टक्के करारांच्या अटी 'बदलल्या' नव्हत्या, त्या ठरलेल्या रस्त्याबाहेर बदलल्या होत्या. रस्त्याच्या आत किती बदलल्या, याबद्दल तो आकडा गप्प आहे. पातळ वरणाचाही त्यांनी विचार केलाय. नुसते दर न बघता दर्जा आणि गुंतवणुकीतले बदलही धरलेत, आणि फेरवाटाघाटींमधून गुंतवणूक पुढे ढकलली जाण्याचे प्रकार खूप सापडलेत.

माझी शंका याच्या पुढची आहे. पुस्तकातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निष्कर्ष नियामकाबद्दल आहे. करार होताना स्वतंत्र नियामक संस्था अस्तित्वात होती तिथे फेरवाटाघाटींचं प्रमाण १७ टक्के आणि नव्हती तिथे ६१ टक्के. वाचणारा लगेच म्हणतो, नियामक नेमा, करार टिकतील. मीही तेच लिहिलं होतं.

पण जरा थांबून व्याख्येकडे परत या. नियामक काय करतो? कंपनी "परवडत नाही" म्हणत आली की तो अर्ज घेतो, सुनावणी ठेवतो, हिशेब तपासतो आणि दर ठरवून देतो. म्हणजेच जी मागणी एरवी मंत्र्यांच्या दालनात फेरवाटाघाट म्हणून गेली असती, ती आता आढावा म्हणून नोंदली जाते. आणि आढावा तर व्याख्येनंच मोजणीबाहेर ठेवलाय! तेव्हा ६१ चे १७ होण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असू शकतात. एक, नियामकामुळे कंपन्यांची उगाच मागण्या करायची हिंमत खरंच कमी झाली. दोन, मागण्या तेवढ्याच राहिल्या, फक्त त्यांचं दार बदललं आणि नाव बदललं. पहिली गोष्ट धोरणाच्या दृष्टीनं मोलाची आहे. दुसरी निव्वळ नोंदवहीची करामत आहे. टक्केवारीच्या तक्त्यावरून कुठली किती, हे वेगळं करता येत नाही.

दुसरी गोष्टही अगदीच निरुपयोगी आहे असं मला वाटत नाही. बंद दाराआडची मागणी सुनावणीत आली, कागदावर आली, ग्राहकाला हरकत घेता आली, तर तो बदल चांगलाच आहे. पण मग तसं म्हणायला हवं. 'फेरवाटाघाटी कमी झाल्या' आणि 'फेरवाटाघाटी उजेडात आल्या' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दोघांना वेगवेगळा पुरावा लागतो.

ही सीमारेषा किती पुसट असते ते ब्युनोस आयर्सच्या पाणी करारात दिसतं. १९९३ मध्ये आग्वास आर्जेंतिनास या कंपनीनं चालू दरावर २६.९ टक्के सूट देऊ करून कंत्राट जिंकलं. वर्षभरातच, १९९४ मध्ये, दर १३.५ टक्क्यांनी वाढले. सूट एक-तृतीयांशाहून जास्त गेली म्हणा. वाढ मिळाली ती 'असाधारण आढाव्या'तून, आणि तिला कारण होतं ते सरकारनंच सांगितलेल्या जादा कामांचं. आता तुम्ही कोडिंग करायला बसलात, तर याला काय म्हणाल? करारात असाधारण आढाव्याची सोय होती, म्हणून आढावा? की जेमतेम वर्षात आणि नव्या कामांच्या सौद्यासकट झालेला बदल, म्हणून फेरवाटाघाट? एक सहाय्यक संशोधक शून्य लिहील, दुसरा एक लिहील, आणि दोघंही व्याख्येला धरूनच असतील. 'लक्षणीय' आणि 'आधी सांगितलेली परिस्थिती' या दोन शब्दसमूहांवर अख्खी सारणी उभी आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर व्याख्येला आणखी अवघड जातं. मुंबईची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. २००७ च्या करारात भाडं साधारण ९ ते १३ रुपये असं धरलेलं होतं. करार झाला तेव्हा केंद्राचा २००२ चा मेट्रो कायदा या मार्गाला लागू नव्हता, तो नंतर लागू झाला. त्या कायद्यानुसार सुरुवातीचं भाडं मेट्रो चालवणारी यंत्रणा स्वतः ठरवू शकते आणि पुढचं भाडं उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची भाडेनिश्चिती समिती सुचवते. ती शिफारस बंधनकारक असते. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली. सुरुवातीचे सवलतीचे दिवस सरल्यावर भाडं १० ते ४० रुपयांवर गेलं. २०१५ मध्ये समितीनं कमाल ११० रुपयांपर्यंत शिफारस केली. एमएमआरडीए न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती शिफारस रद्द केली.

आता ग्वाश यांची फूटपट्टी लावा. दोन्ही बाजू टेबलावर बसून करार बदलला का? नाही. करारात दुरुस्ती झाली का? नाही. कंपनीनं बाकायदा, कायद्यातल्या रस्त्यानं भाडं ठरवलं आणि समितीनं बाकायदा आढावा घेतला. फेरवाटाघाटी शून्य! पण करारातला १३ चा आकडा प्रवाशाला तिकीट खिडकीवर कधी दिसलाच नाही. कराराच्या आत ठरलेला दर आणि कराराच्या बाहेरून आलेली आढाव्याची पद्धत यांची टक्कर झाली तर तिचं काय करायचं, याला व्याख्येत जागाच नाही. हा ग्वाश यांचा दोष म्हणता येत नाही, त्यांचं पुस्तक २००४ चं आणि प्रदेश वेगळा. दोष आपला आहे. ती व्याख्या उचलून आपण भारतातल्या करारांना तशीच लावतो आणि मग 'आपल्याकडे फेरवाटाघाटी कमी' असं खुशाल लिहितो.

उलट टोक बघायचं असेल तर राष्ट्रीय महामार्गांचा टोल घ्या. २००८ च्या नियमांनुसार दर वर्षी ठरावीक ३ टक्के वाढ, शिवाय घाऊक किंमत निर्देशांकात झालेल्या वाढीच्या ४० टक्के. इथे ना समिती, ना सुनावणी. आढाव्याची पद्धतच नाही, फक्त सूत्र आहे. भांडण झालंच तर ते दुसऱ्या दारानं येणार : मुदतवाढ, भरपाई, लवाद. म्हणून दराच्या रकान्यात शांतता दिसली की करार शांत आहे असं समजू नका.

पुस्तकातल्या आणखी एका तक्त्याबद्दल सावध करते, कारण तो परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास विचारला जातो. स्पर्धात्मक निविदेनं दिलेल्या करारांत फेरवाटाघाटी ४६ टक्के, आणि थेट बोलणी करून दिलेल्यांत फक्त ८ टक्के. मग निविदा वाईट का? घाई करू नका. कुठल्या क्षेत्रात निविदा निघाल्या आणि कुठे थेट बोलणी झाली, हे आधी बघा, कारण टेलिफोन आणि पाणी यांचं वागणं मुळातच वेगळं आहे. शिवाय ज्यानं बंद खोलीत बसून पहिल्याच दिवशी हवा तो दर पदरात पाडून घेतला, तो दोन वर्षांनी परत कशाला येईल? ८ टक्के हा गुण नसेल, तर आधीच मोजलेली किंमत असेल. क्षेत्र आणि देश यांचा फरक हिशेबात घेऊन ग्वाश, लाफों आणि स्ट्राउब यांनी नंतर पाणी आणि वाहतुकीच्या करारांवर पेपर लिहिलेत. पुस्तकातले तक्ते उद्धृत करण्याआधी ते पेपर वाचाच. तिथेही नियामकाचा परिणाम टिकतो, पण माझी शंका त्यानं मिटत नाही. अवलंबी चल तोच, व्याख्या तीच. रिग्रेशन कितीही नीट केलं तरी मोजणीबाहेर ठेवलेली गोष्ट आत येत नाही.

तरीही हे पुस्तक वाचा, असंच मी सांगेन. हजार करार जमवणं म्हणजे काय हे मला आता कळतंय, कारण मी गेल्या वर्षभरात फक्त एकोणीस जमवलेत. आणि त्यांचा मुख्य आग्रह, की स्वस्तात बोली लावून नंतर रडत येणाऱ्याला सरकारनं सहज दाद देऊ नये, तो अजूनही पटतो.

माझ्या तक्त्यात मी 'फेरवाटाघाट : हो / नाही' हा रकाना काढून टाकलाय. त्याजागी तीन रकाने आहेत : काय बदललं, कुठल्या दारानं बदललं, आणि ते दार करार करताना तिथे होतं का. अठरा करार कसेबसे भरून झालेत. मुंबई मेट्रोच्या ओळीत तिसरा रकाना रिकामा आहे. दार होतं, पण दुसऱ्या घराचं. गाईडना पुढच्या सोमवारी दाखवायचंय. तुम्ही काय लिहिलं असतंत, कळवा.