‘निवेदन’ आणि अध्यापकांची मान्यता

गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळाच्या बैठकीस निमंत्रित म्हणून उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. बैठकीपुढे मुख्यतः दोन विषय होते. एक, एम. ए. च्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना. दुसरा, पदव्युत्तर अध्यापकांस मान्यता देणे. पहिल्या विषयाचा विचार होताना ‘मोडी लिपी व जुनी कागदपत्रे’ ही वैकल्पिक अभ्यासपत्रिका वगळण्यात आली. ती शिकविण्यास मान्यताप्राप्त अध्यापक उपलब्ध नाही, असे कारण इतिवृत्तात नमूद झाले. अर्ध्या तासाने दुसरा विषय निघाला. त्यात एका निवृत्त शाळाशिक्षकांचा अर्ज होता. तीस वर्षे ज्यांनी मोडी दप्तरे वाचली आणि ज्यांच्याकडे संशोधक मंडळी आपली अडलेली कागदपत्रे घेऊन येतात, असे हे गृहस्थ. नेट नाही व पीएच. डी. नाही, या कारणास्तव तो अर्ज नामंजूर झाला. दोन्ही ठराव एकमताने संमत झाले. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे, हे तेथे कोणी बोलले नाही. प्रस्तुत लेखकही बोलला नाही, ही कबुली येथे देणे प्राप्त आहे.

घरी परतल्यावर धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ पुन्हा काढून वाचले. १९२४ साली पुस्तकरूपाने निघालेले हे आत्मचरित्र मराठी वाचकास नवे नाही. गोमंतकीयांस तर ते घरचेच. त्याची वाखाणणी बहुधा दोन कारणांसाठी होते: एक त्यातील प्रवासवृत्तांत, दुसरे लेखकाची धर्मजिज्ञासा. दोन्ही रास्त आहेत. परंतु विद्यापीठात ज्ञानाला प्रवेश कसा मिळतो याविषयीही या ग्रंथात जे आहे, त्याकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरतेच होते. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे करीत ते सिंहलद्वीपास पोचले. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले, आणि पुढे ब्रह्मदेशही पाहिला. १९०६ साली ते कलकत्त्यास होते. तेथे प्रथम नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारखा कुलगुरू त्या ठिकाणी होता, म्हणून ही गोष्ट घडू शकली, असे म्हणता येईल. परंतु याच विद्यापीठात पुढे बंगालीच्या पदव्युत्तर अध्यापनाची धुरा ज्या दिनेशचंद्र सेन यांच्याकडे आली, तेही इंग्रजी विषय घेतलेले बी. ए. होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे हा केवळ एका व्यक्तीवरील लोभ नव्हता, हे पटते. जो विषय पूर्वी शिकविला गेलेला नाही, त्यात पदवीधर असणारच कोठून? नव्या विषयाचा पहिला अध्यापक त्या विषयाच्या पदवीवाचूनच येतो.

‘निवेदना’ची भाषाशैली या संदर्भात फार बोलकी आहे. काशीच्या अन्नछत्रातील जेवण ज्या निर्विकार स्वरात धर्मानंद सांगतात, त्याच स्वरात ते विद्यापीठातील नेमणुकीचे वर्णन करतात. मान्यतेचा त्यांना तिरस्कार नाही, पण तिचे अप्रूपही नाही. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर त्यांनी महाराष्ट्रात राहणे पत्करले, ते आपल्या लोकांत या विद्येचा प्रसार व्हावा म्हणून. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले, आणि १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत व चिं. वि. जोशी हे विद्यार्थी तयार झाले. हे तिघेही पदवीधर, रीतसर प्राध्यापक झालेले. पदवी नसलेल्या एका गुरूने पदवीधरांची परंपरा निर्माण केली. त्यांना त्या वेळी दारातूनच परत पाठविले असते, तर पुढे मान्यता देण्याजोगे अध्यापक कोठून आणावे, हाच प्रश्न उरला असता.

आता आजची व्यवस्था पाहू. सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीस नेट, सेट अथवा स्लेट ही किमान अट असल्याचे अनुदान आयोगाने २०२३ साली स्पष्ट केले. पीएच. डी. चे मार्गदर्शक होण्यास २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे किमान तीन व प्राध्यापकाचे किमान पाच शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. पदवी नसलेल्या जाणकारांसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची वाट त्याच वर्षी खुली झाली. अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत करता येतात, आणि ज्या क्षेत्रांची नावे दिली आहेत त्यांत साहित्यही आहे. हे वाचून आमच्या मोडीजाणकारांसाठी आशा वाटली होती. परंतु अध्यापनाच्या पेशात असलेल्या वा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तींस ही वाट बंद आहे. म्हणजे ते सनदी अधिकारी असते तर त्यांचा विचार झाला असता; शाळाशिक्षक होते, म्हणून होणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. अटी सैल केल्या की गुणवंत आत येण्यापूर्वी आप्तेष्ट आत येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिक्षक नेमताना प्रस्तुत लेखकाकडेही चिठ्ठ्या येतात. नियम असला म्हणजे त्यांना नकार देणे सोपे जाते. म्हणून अटी मोडून टाकाव्यात असे येथे सुचवावयाचे नाही. पण धर्मानंदांची परीक्षा झाली नव्हती, हा समज चुकीचा आहे. सुमंगल महास्थविरांसमोर झालेले अध्ययन, भांडारकरांसारख्या पंडिताने घेतलेली दखल, पुढे हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे सोपविलेले काम, या सर्व परीक्षाच होत्या, आणि परीक्षक त्या विषयाचे जाणते होते. आजच्या छाननीत अर्जदाराचे काम कोणी वाचीत नाही. कागद मोजले जातात. आमच्या बैठकीत त्या शिक्षकांनी लिप्यंतर केलेली एक वही अर्जासोबत होती. ती कोणी उघडली नाही.

तेव्हा अभ्यासमंडळांपुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. अध्यापकाअभावी एखादी अभ्यासपत्रिका वगळावयाची असेल, तर अध्यापक-मान्यतेचे अर्ज पाहिल्यावाचून ती वगळू नये. दोन्ही विषय एकत्र विचारात घ्यावेत. ज्या विषयात जाणकार थोडे आहेत, तेथे पदवी नसलेल्या अर्जदाराची समक्ष परीक्षा तीन तज्ज्ञांनी घ्यावी. मोडीचा असेल तर पूर्वी न वाचलेला कागद पुढे ठेवावा, आणि आपले मत सकारण लिहून त्याखाली सह्या कराव्यात. सहीची जबाबदारी असली म्हणजे चिठ्ठीचा जोर कमी होतो. तिसरी सूचना अशी की, ही मान्यता मुदतीची असावी व तिच्यासोबत एका तरुण पदवीधर अध्यापकास त्या वर्गात बसविण्याची अट असावी, म्हणजे मुदत संपेपर्यंत नियमात बसणारा अध्यापक तयार होईल. या तिन्ही गोष्टींस जे नियम आड येतात, ते बदलून घेण्याचा ठराव वर पाठविणे हे मंडळाचेच काम आहे.

आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीस यंदा एम. ए. ला मोडी घ्यावयाची होती. ती आता प्रत्येक रविवारी त्या शिक्षकांच्या घरी जाऊन शिकते. या शिकण्याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होणार नाही. शिक्षकांचे वय सत्त्याहत्तर आहे. अभ्यासमंडळाची पुढील पुनर्रचना पाच वर्षांनी व्हावयाची आहे. तोवर थांबणे योग्य न वाटल्यामुळे, बैठकीत जे बोलावयास हवे होते ते प्रस्तुत लेखकाने मंडळाच्या अध्यक्षांस पत्राने कळविले आहे, आणि सोबत त्या वहीची एक प्रत पुन्हा जोडली आहे.