इंग्रजी क्रियापदांचे अर्थभेद आणि प्रतिशब्दाची मर्यादा

इंग्रजीतील समीपार्थक क्रियापदांचा आपल्याकडील अभ्यास बहुधा कोशापासून सुरू होतो व कोशापाशीच थांबतो. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. त्या परंपरेचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, शब्दास शब्द देण्याच्या रीतीमुळे अर्थभेद शब्दाच्या पोटातच असतो, असा समज दृढ झाला. वस्तुतः तो पुष्कळदा वाक्यरचनेत असतो.

'सी' व 'लुक' ही जोडी घ्यावी. दोहोंना 'पाहणे' हा एकच प्रतिशब्द दिला की भेद हरपतो. परंतु मराठीस तो अपरिचित नाही. 'त्याला डोंगर दिसला' यात पाहणारा चतुर्थीत आहे. क्रिया त्याच्या इच्छेवाचून घडते. 'त्याने डोंगराकडे पाहिले' यात तो हेतुपूर्वक क्रिया करणारा कर्ता आहे. 'हिअर' व 'लिसन' यांचा भेदही 'ऐकू येणे' व 'ऐकणे' असाच उलगडतो. मात्र 'सी' म्हणजे सर्वत्र 'दिसणे' नव्हे. नाटक पाहिले जाते. तेव्हा एका शब्दास एक शब्द, ही अपेक्षाच सदोष ठरते.

वाकडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न वर्गापुरता राहत नाही. सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत, अशी तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ याच्या १०८ व्या कलमात होती. अशा फलकांवरील 'चेक' व 'एन्शुअर' या आज्ञा एक नव्हेत. पहिलीत तपासणी झाली की कर्तव्य संपते. दुसरीत परिणाम साधेपर्यंत ते संपत नाही. 'एन्शुअर'साठी 'व्हॉल्व्ह बंद आहे की नाही ते पाहावे' असे लिहिल्यास ही जबाबदारी गळून पडते. व्हॉल्व्ह उघडा आढळला तरी शब्दशः आज्ञा पाळली गेलेली असते. 'व्हॉल्व्ह बंद असेल असे पाहावे' असे लिहिताच ती परत येते. क्रियापद तेच, बदलले ते गौण वाक्य.

म्हणून कोशकाराने प्रतिशब्दासोबत विभक्ती व गौण वाक्याचे रूपही नोंदविले पाहिजे. विद्यार्थ्यानेही 'यास मराठीत काय म्हणतात' एवढ्यावर न थांबता 'हे मराठी कोणत्या रचनेने सांगते' असे विचारावे.