आईचे अश्रू आणि एक नवे गीत

'बिग थीफ' ह्या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाची गायिका एड्रिअन लेंकर हिचा 'ब्राइट फ्यूचर' हा १२ गीतांचा स्वतंत्र संग्रह मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या अपेक्षेने आम्ही ऐकावयास बसलो; कानी आला तो जपून वाजविलेल्या पियानोचा स्वर. ध्वनिमुद्रण जुन्या पद्धतीने, चुंबकीय फितीवर केलेले असल्याने सूर घरगुती वाटतात.

'रिअल हाउस' ह्या पहिल्याच गीतात घरचा कुत्रा मरतो आणि मुलगी आपल्या आईला प्रथमच रडताना पाहते. प्रसंग एवढाच, पण आवाज न चढविता गायिका तो काळजाला भिडविते. २०२३ साली वाद्यवृंदाने आवेशाने गायिलेले 'व्हॅम्पायर एम्पायर' येथे लोकगीतासारखे साधे होऊन येते. 'ईव्हॉल'मध्ये मात्र शब्दांची अक्षरे उलटविण्याच्या खेळात भावना मागे पडते.

हा दोष मान्य करूनही पालकांना आमचे सांगणे आहे : पहिले गीत मुलांसमवेत ऐकावे. आपल्या डोळ्यांतले पाणी त्यांनी प्रथम कधी पाहिले, हे आपण त्यांना कोठे विचारले आहे?