एकट्याचा प्रवास आणि किनाऱ्यावरची घरं

मंडळी, विसरवाडीत समुद्रावरच्या पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. महामार्गानं सुरतेकडे निघालं तर समुद्र तसा लांब नाही, पण आपल्या बोलण्यात तो येत नाही. तरीही आजचं पुस्तक आपल्या कामाचं आहे. कॅप्टन दिलीप दोंदे यांचं इंग्रजी पुस्तक, 'द फर्स्ट इंडियन'.

गोष्ट थोडक्यात सांगतो. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे 'म्हादेई' नावाच्या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईलाच परतले. बरोबर नऊ महिने. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार थांबे होते: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि शेवटी केपटाऊन. मधला रस्ता दक्षिण महासागराचा. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेचा वारा अडवायला जमीनच जवळजवळ नाही. लाट उठते ती पृथ्वीला वळसा घालत राहते. केप हॉर्न त्याच पट्ट्याच्या खाली.

आता माझा मुद्दा. पुस्तकाचं नाव एका माणसाचं आहे, आणि पुस्तक मात्र माणसांनी गच्च भरलेलं आहे. शीड उघडेपर्यंतच किती पानं जातात बघा! व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, ते निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत. म्हणजे समुद्राचं स्वप्न पाहिलं गेलं ते माणदेशाच्या उंबरठ्यावर, पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या मुलखात! (विसरवाडीकरांनी म्हणूनच वाईट वाटून घेऊ नये.) बोट बांधली रत्नाकर दांडेकरांनी, गोव्यात दिवाडी बेटावर. बंदराबंदरात दोंदेंच्या मदतीला जात होते अभिलाष टॉमी. मग 'एकट्यानं' या शब्दाचा अर्थ काय राहिला?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला शब्द जरा उलटून पाहायची खोड असते, ती सहन करा. 'एकट्यानं' हा शब्द इथं बोटीपुरता खरा आहे. सुकाणू, शिडं, झोप, दुरुस्ती, सगळं एकाच्या अंगावर. त्यात खोट काही नाही. पण विक्रमांच्या वह्या हा बोटीपुरता शब्द उचलतात आणि साऱ्या प्रवासाला चिकटवतात. मग थांबा म्हणजे उणेपणा ठरतो. न थांबता गेलेला मोठा, थांबत गेलेला लहान, असा हिशोब सुरू होतो.

या मोहिमेचं नाव मात्र वेगळंच सांगतं. नाव आहे 'सागर परिक्रमा'. परिक्रमा म्हणजे काय हे नंदुरबार जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नर्मदेचे परिक्रमावासी प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा या वाटेनं जाताना आपण पाहतो. नदी ओलांडायची नाही, हा त्यांचा कडक नियम. आणि दुसरी रीत, जी आपण नियम म्हणून मोजतच नाही, ती ही की शिधा लोकांकडून मिळतो, पाठ टेकायला कुणाची तरी ओसरी असते. सदावर्ताशिवाय परिक्रमा होत नाही. इतकंच काय, नदी समुद्राला मिळते तिथं परिक्रमावासीही बोटीत बसतो आणि पलीकडच्या तीरावर जातो! तिथं कुणी म्हणत नाही की अमक्याच्या ओसरीवर झोपलास म्हणून तुझी परिक्रमा कमी झाली.

या कसोटीवर दोंदेंची सफर मला खरी परिक्रमा वाटते, ती चार थांब्यांसकट. आणि त्याच कसोटीवर पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. दोंदे नौदलाचे अधिकारी. लिहितात सरळ, मोजकं, स्वतःची टिमकी न वाजवता. बोटीचा आवाज कसा बदलला, कुठं काय सैल झालं, हे त्यांना लगेच कळतं. पण किनाऱ्यावरची माणसं मला अजून हवी होती. पोर्ट स्टॅनली म्हणजे तेव्हा दोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं. दक्षिण महासागर पार करून आलेला परका माणूस अशा गावाला कसा दिसतो? त्यांच्या घरातून समुद्राकडे बघावं असं मला वाटत राहिलं.

हे जमतं कसं, ते जोशुआ स्लोकमकडे पाहावं. १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या बोटीतून एकट्यानं जग फिरलेला हा पहिला माणूस. त्याच्याही पुस्तकाच्या नावात 'एकट्यानं' आहेच! पण आठवणीत राहतात त्या भेटी. हुआन फर्नांडिस बेटावर त्यानं लोकांना गोड वडे तळायला शिकवलं. सामोआत कादंबरीकार स्टीव्हन्सनच्या विधवा पत्नीनं नवऱ्याची समुद्रमार्गाची पुस्तकं त्याच्या हाती दिली. रॉड्रिग्ज बेटावर तर काही लोक त्याला ख्रिस्तविरोधी सैतानच समजले. आणि प्रिटोरियात अध्यक्ष क्रूगर यांनी, पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या त्या गृहस्थांनी, तो पृथ्वीभोवती फिरतोय हे ऐकूनच घेतलं नाही. स्लोकम या सगळ्यांकडे मिश्किलपणे बघतो, पण त्यांना आपल्या कथेचे हमाल करत नाही.

हे सगळं मी का ताणतोय? आपल्याकडे मुलगा नाशिकला किंवा पुण्याला शिकून नोकरीला लागला की सत्कारात भाषण होतं: स्वतःच्या हिमतीवर शिकला. पहिला महिना तो कुणाच्या खोलीत झोपला, कुणाच्या डब्यात जेवला, त्या माणसाचं नाव भाषणात येत नाही. ते आलं तर त्या मुलाची हिंमत कमी होते, अशी आपली समजूत. दोंदेंच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं ही समजूत पार खोडून टाकतात.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: मग न थांबता जाणारे अभिलाष टॉमी कमी का? अजिबात नाही. १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, 'म्हादेई'तूनच, कुठंही न थांबता ते परत आले. मोठं काम आहे. पण त्यांचीच पुढची गोष्ट बघा. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंद महासागरात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला इजा झाली. त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन, त्याचीही डोलकाठी गेलेली, तात्पुरती शिडं बांधून त्यांच्या दिशेनं निघाला. शेवटी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं टॉमींना उचललं आणि अ‍ॅमस्टरडॅम बेटावर नेलं. चार वर्षांनी ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले.